दोन किलो तीनशे

देशमाने सरांचे हात कधी खाली सोडलेले मी पाहिले नव्हते. वर्गात, व्हरांड्यात, अगदी झेंडावंदनाला सगळे सावधान उभे असतानाही सरांचे दोन्ही कोपर अंगाशी दुमडलेले असत आणि डावा तळवा उजव्या कोपराखाली असे. पहिल्या वर्षाला मला वाटायचं, सरांचा हात कधीतरी मोडला असेल आणि नीट बसला नसेल. आमच्या गल्लीत एकाचा तसा आहे. विचारायचं धाडस मात्र झालं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील परळीजवळच्या भट्टीवर राखेच्या विटा पाडतात, आई शेतात रोजानं जाते. सरांना काय विचारावं आणि काय विचारू नये हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, म्हणून मी काहीच विचारत नसे.

सर रसायनशास्त्र शिकवायचे. आवाज बारीक, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. रोज सकाळी प्रयोगशाळा उघडली की सगळ्यात आधी ओल्या फडक्यानं टेबलं पुसायचे. वीजकेंद्रामुळे परळीत राख काही कुणाला नवीन नाही. रात्री टेबल पुसून ठेवलं तरी सकाळी त्यावर बोटानं नाव लिहिता येतं. सर ती पुसलेली राख फडक्यात गोळा करून बघत राहायचे आणि म्हणायचे, "जळून गेलं तरी उरलंच."

काहीही उरलेलं त्यांना बघवत नसे. खडू चिमटीत मावेनासा होईपर्यंत वापरायचे आणि शेवटचा कण फळ्यावरच घासून संपवायचे. डबा खाऊन झाला की त्यात पाणी घालून ते पाणीही प्यायचे. कॉलेजच्या कुंपणावरच्या बाभळीला वाऱ्यानं उडून आलेल्या पिशव्या अडकत. सर मधल्या सुट्टीत एकेक पिशवी काट्यांतून सोडवायचे, न फाडता. "फाडली की दोन होतात," असं त्यांचं म्हणणं.

तिसऱ्या वर्षाला प्रकल्पासाठी त्यांनी मला आणि गणेशला निवडलं. गणेश माझ्या वर्गातला, बोलायला फटकळ, हातानं कामसू. निवडलं त्या दिवशीच सरांनी सांगून टाकलं, "पुढच्या मे महिन्यात मी निवृत्त व्हायलोय. मग ही खोली माझी न्हाई, हे प्रेसही माझं न्हाई. त्याच्या आत मला एक फिल्म पायजे. ओल्या हातात फाटायची न्हाई आणि मातीत उरायची न्हाई. दोन्ही एकदाच. बारा वर्षं करायलोय, अजून झाली न्हाई."

बारा वर्षं कशासाठी, हे आम्ही विचारलं नाही. मी तर नाहीच.

काम समजायला सोपं होतं. मातीत आपोआप कुजणारा एक मऊ पॉलिमर सरांनी मागवलेला होता, साबुदाण्यासारखे पांढरे दाणे. तो एकटा वापरला तर मातीत जायला फार वेळ घेतो. म्हणून त्यात ज्वारीचा स्टार्च मिसळायचा. स्टार्च म्हणजे मातीतल्या जिवांना खाऊ, ते त्यावर लवकर येतात. दाणे आणि स्टार्च एकत्र मळायचे आणि गावातल्या वेल्डरकडून बनवून घेतलेल्या प्रेसच्या दोन गरम पत्र्यांमध्ये दाबायचे. पातळ फिल्म निघते. गणेश तिला पापड म्हणायचा.

अडचण अशी की त्या दोघांचं पटत नाही. स्टार्चला पाणी आवडतं, पॉलिमरला आवडत नाही. वरून एक दिसले तरी आत वेगवेगळे बसतात, आणि जिथं त्यांची शीव लागते तिथूनच चीर जाते. यासाठी मध्ये तिसरं काहीतरी घालावं लागतं, ज्याचं एक टोक याला धरेल आणि दुसरं त्याला. पुस्तकात त्याला कम्पॅटिबिलायझर म्हणतात. सर त्याला 'लेक' म्हणायचे.

"बांधावरून भांडणारी दोन घरं असतेत का न्हाई? एकानं दुसऱ्याच्या घरात लेक दिली की मुकाट एका पंगतीला बसतेत. तिचा एक हात हिकडं, एक हात तिकडं. ती हाय तवर घर फुटत न्हाई." एवढं बोलून सर प्रेसच्या पत्र्याकडे बघत राहायचे. मग म्हणायचे, "चला. लेक मोजा."

आमची लेक म्हणजे लिंबूसत्त्व, किराणा दुकानात मिळतं तेच. पण ते मोजूनच घालावं लागे. कमी पडलं तर दोघं जुळत नसत, जास्त झालं तर ते स्टार्चच्याच साखळ्या तोडायचं.

फिल्म निघाली की सर तिची एक पट्टी कापायचे आणि दोन्ही टोकं धरून कानाजवळ ताणायचे. "डोळे मिट," मला म्हणायचे, "आन् ऐक." पहिल्यांदा मला काहीच ऐकू आलं नाही. महिनाभरानं यायला लागलं. तुटायच्या आधी अगदी बारीक आवाज होतो, कोरड्या कडब्यातून काहीतरी चालत गेल्यासारखा. डोळे उघडले तर पट्टी मधोमध पांढरी पडलेली असे. "बघितलं? आधी पांढरी पडती, मग जाती," सर म्हणायचे. "पांढरी पडली की समजायचं. तवाच हात लावला तर लावला."

पण सरांची खरी परीक्षा पट्टीची नव्हती. कोपऱ्यात पाण्याच्या टबात एक जुनी कापडी पिशवी बुडवलेली असे. आत वाळू भरून तोंड शिवलेली, मधे जरा फुगीर, एका टोकाला आवळलेली. ती वजन करून भरलेली होती, दोन किलो तीनशे ग्रॅम. थोडी जास्त नाही, थोडी कमी नाही. सर आधी फिल्म पाण्यात भिजवायचे, तिच्यात ती ओली पिशवी ठेवायचे, फिल्मची चारी टोकं वर घ्यायचे आणि ते सगळं दोन्ही हातांवर आडवं घेऊन चालायला लागायचे. प्रयोगशाळेच्या दारापासून मागच्या कडुनिंबापर्यंत. सावकाश. ओठांत मोजत. एक्केचाळीस पावलं.

फिल्म दहाव्या पावलाला फाटायची, कधी विसाव्या. वाळूची पिशवी धपकन खाली पडायची. प्रत्येक वेळी सर अंग आखडून घ्यायचे आणि झटकन खाली बसून ती उचलायचे. फिल्मचे तुकडे नंतर.

पहिल्याच आठवड्यात गणेश माझ्या कानाशी म्हणाला, "मने, बघ की. सर बाळ खेळवायलेत." मला हसू फुटलं. खोटं कशाला सांगू, मोठ्यानं फुटलं.

सर वळले. मला वाटलं, संपलं आता. पण ते रागावले नाहीत. गणेशकडे बघून शांतपणे म्हणाले, "मान धरावी लागती, गणेश. लोकं बुडाला हात लावतेत. मान सुटली की तिथूनच फाटतं." आणि ती पिशवी त्यांनी माझ्या हातांवर ठेवली. "घे. तू चाल."

वाळू कोमट होती. पाण्यातून काढलेली वाळू गार लागायला हवी. टब प्रेसच्या शेजारी असायचा, त्यानं तापली असेल, असं मी मनाला सांगितलं. त्या दिवशी प्रेस चालू केलेलं नव्हतं, हे मला घरी गेल्यावर आठवलं.

प्रयोगशाळेच्या मागे सरांचे खड्डे होते. फिल्म मातीत किती दिवसांत जाते हे पाहायला फिल्म पुरायचीच, त्यात नवल नाही. पण बाकीचे लोक पट्ट्या पुरतात, सर फिल्ममध्ये वाळू गुंडाळून पुरायचे. सगळे खड्डे एकाच मापाचे, एकाच दिशेला आडवे, आणि प्रत्येकाच्या एका टोकाला एक दगड. मुलं त्या जागेला सरांचं मसणवट म्हणायची आणि सिगारेट प्यायलासुद्धा तिकडे जात नसत. कॉलेजच्या आवारात इतकी कुत्री, पण त्या मातीला कधी कुत्र्यानं नख लावलेलं दिसलं नाही.

सर पुरायचे ते भर दुपारी बारालाच. पुरून झालं की माती हातानं थापटायचे, फावड्यानं नाही. आणि माती लोटायच्या आधी खिशातून मूठभर खडेमीठ काढून फिल्मवर टाकायचे.

एकदा गणेशला राहवलं नाही. "सर, मिठानं तर जंतू मरतेत. मग कुजंल कसं?"

"माहीत हाय मला."

"मग कावून टाकायलेत?"

"तिथं टाकलंय म्हणून हितं टाकायला लागतं. परीक्षा सारखी पायजे."

"तिथं म्हणजी कुठं, सर?"

सरांनी हात झटकले, पुन्हा दुमडले आणि आत निघून गेले. गणेश माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्यो माणूस लई चांगलाय. पण मला दुपारची भीती वाटाय लागलीय बघ."

पावसाळा अर्धा सरला तरी फिल्म होत नव्हती. वाळली की चांगली, भिजली की फाटायची. उजेडात धरली तर तिच्यात बारीक पांढरे ठिपके दिसायचे, आणि चीर प्रत्येक वेळी ठिपक्यातूनच जायची. सर दर वेळी लिंबूसत्त्वाचं प्रमाण बदलून बघत. ते ठिपके बघून मला सारखं काहीतरी आठवायचं. सांगायला तीन दिवस घेतले.

"सर, चुकलं तर रागावू नका. पण आमच्या घरी पिठाची विरी गेली ना, म्हणजे भाकरी थापताना तुटायला लागली, की आई पिठाची उकड काढते. उकळतं पाणी घालून झाकून ठेवते. मग मळते. ज्वारीचा स्टार्च आहे... तोही कच्चाच राहत असेल का? लेक देतोय आपण, पण ते घरच अजून..." पुढचा शब्द मला सापडला नाही.

सरांनी फिल्म पुन्हा उजेडात धरली. "विरी," ते म्हणाले. "बारा वर्षांत मला हा शब्द सुचला न्हाई. आईला रोज कानानं ऐकलंय भाकरी थापताना."

त्या दिवशी आम्ही स्टार्चची उकड काढली. पाणी आणि ग्लिसरीन घालून मंद आचेवर, पार काचेसारखा होईपर्यंत. मग वाळवला, मग दाण्यांबरोबर मळला, आणि मळतानाच चिमूटभर लिंबूसत्त्व. फिल्म उजेडात धरली. एकही ठिपका नव्हता.

प्रेस निवत होतं. गणेश चहा सांगायला गेला होता. त्या आनंदात माझ्या तोंडून तो प्रश्न निघाला, जो मी इतके दिवस गिळत होते. "सर, ओल्या हातात फाटू नये आणि मातीत राहू नये, तर मग सुती कापड का नाही चालत?"

सर स्टुलावर बसले. फडक्यानं टेबलाची कड पुसली. पुसलेलीच होती.

"कापडातून पाणी गळतं," ते म्हणाले. "अन् ते पाणीबी तिचंच हाय."

मग त्यांनी सांगितलं. सलग, वर्गात सांगायचे तशा आवाजात. मी तेवढ्याच शब्दांत लिहिते.

त्यांना एक मुलगी झाली होती. एक दिवस जगली. दवाखान्याच्या चिठ्ठीवर वजन लिहिलेलं होतं, दोन किलो तीनशे. दवाखान्यातून ती त्यांच्या हातात निळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मिळाली. आमच्याकडे दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. सिरसाळ्याच्या रस्त्यावर त्यांचं शेत आहे, तिथं बांधाच्या कडेला खड्डा काढला. पाऊस पडत होता. सरांची आई म्हणाली, पिशवी काढ, मातीला माती लागू दे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दवाखान्यातच होत्या.

"मी म्हणलं, राहू दे. माती ओली हाय, तिला ओल लागंल." सरांनी पुन्हा टेबलाची कड पुसली. "आईनं मीठ टाकलं. मीठ पिशवीच्या बाहेर, लेक आत. रसायनशास्त्र शिकवत होतो मी तवा. मला कळायला पायजे होतं."

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी शेततळ्यासाठी त्या कडेला जेसीबी लावला. सरांनी जागा दाखवून ठेवली होती, पण बांध सरकलेला होता. चालवणारा वरून ओरडला, "सर, खताची पिशवी निघालीय बघा." सर खाली उतरले. पिशवीचा रंगसुद्धा गेला नव्हता. गाठ तशीच. त्यांनी ती उचलली.

"वजन तेवढंच होतं," सर म्हणाले. "मनीषा, नववीच्या पुस्तकात हाय. बंद भांड्यात काही बी होऊ दे, वस्तुमान बदलत न्हाई. मी हजार पोरांना शिकवलंय. बाहेर पाऊस झाले, पिकं झाली, माझी आई गेली. आत एक ग्रॅम कमी झाला न्हाई. ती अजून गेलीच न्हाई, कळलं का? तिला जायला जागाच न्हाई ठेवली मी."

बाहेर गणेश चहावाल्याशी हुज्जत घालत होता. मला माझं ते पहिल्या आठवड्यातलं हसू आठवलं. मी माफी मागणार होते, पण सरांनीच हात हलवून थांबवलं. "तुमी खरं तेच बोललता," ते म्हणाले.

पिशवी त्यांनी त्याच दिवशी पुन्हा पुरली होती, थोडी बाजूला. उघडून मोकळं करायचं तर जे आहे ते दुसऱ्या कशात तरी घ्यावं लागणार, न सांडता. काकूंनी एवढंच म्हटलं होतं, मातीत सोडा, पण सांडू नका. त्यासाठी बारा वर्षं.

उकड काढलेली ती फिल्म एक्केचाळीस पावलं गेली. जाऊन परत आली. पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला सर कडुनिंबाखाली पिशवी घेऊन तसेच उभे राहिले, आणि गणेश, ज्याला अजून काहीच माहीत नव्हतं, टाळ्या वाजवता वाजवता आपोआप थांबला.

पण अर्धंच काम झालं होतं. फाटत नाही हे कळलं, उरत नाही हे कळायचं होतं. तशीच दुसरी फिल्म वाळू घालून पुरली, मीठ टाकून, दगड ठेवून. शेवटचा खड्डा. एप्रिलमध्ये, भर दुपारी, मी आणि सरांनी तो हातांनी उकरला. वाळू होती, माती होती, वाळूत शिरलेल्या गवताच्या बारीक मुळ्या होत्या. फिल्म नव्हती. सरांनी माती चाळणीतून तीनदा चाळली. मग चाळणी माझ्याकडे देऊन म्हणाले, "तू बघ. माझे डोळे मला पायजे तेच बघतेत." मी चाळली. नव्हती.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. "शेतात येशील का? पकडायला चार हात पायजेत. काकूचे दोन हायेत. माझे मोजू नको, माझे कापत्यात."

काकूंना मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. उंच, हडकुळ्या, नजर जमिनीवर. घरात दोघंच, पण एकमेकांशी थेट बोलत नव्हते. मी गेले तशा काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, पाणी पिऊन निघा, ऊन लई हाय." सर दोन हातांच्या अंतरावर उभे होते. तेही माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला सांग, तिथं गेल्यावर पितो." मी आलेली नसताना काय करत असतील? पुढे काकूंनीच सांगितलं, मांजराला सांगतो.

बारा वाजले होते. लांब परळीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या उन्हात थरथरत होत्या. शेतात कुणी नव्हतं, पाखराचा आवाज नव्हता. सरांनी खणलं. त्यांना कुठं थांबायचं ते माहीत होतं. शेवटची माती हातानं काढली आणि वर बघितलं. मी हात पुढे केले.

मी निळा रंग पाहिला आणि डोळे मिटले. पण हातांना डोळे मिटता येत नाहीत. वर्षभर मी ती वाळू उचलली होती, माझ्या हातांना ते वजन पाठ होतं. दोन किलो तीनशे. थोडी जास्त नाही, थोडी कमी नाही. माझ्या उजव्या हाताची बोटं आपोआप मानेखाली सरकली. आणि ते कोमट होतं. उन्हानं असेल, असं मी मनाशी म्हटलं. मातीच्या तीन फुटांखाली ऊन पोचत नाही, हे मला माहीत आहे.

सरांनी वर येऊन ती माझ्या हातांतून घेतली. काकूंनी आणि मी तशाच नव्या फिल्मची टोकं धरली. सरांनी पिशवी फिल्मच्या झोळीत ठेवली आणि खालून कात्री लावून ती हळूहळू ओढून काढली. मी बघितलं नाही. सरांनी शिकवलं होतं तसं फक्त ऐकत राहिले. पाण्याचा आवाज झाला, थोडाच. कडब्यातून चालल्यासारखा तो दुसरा आवाज मात्र आला नाही. काकूंनी सरांच्या हातातून मीठ घेतलं आणि स्वतः टाकलं. या वेळी मीठ आत गेलं.

मग काकू म्हणाल्या, "सोड पोरी. मी नेते."

नवीन खड्डा चिंचेखाली काढलेला होता. काकू दोन्ही हातांवर घेऊन चालायला लागल्या, सर बाजूनं, मी मागे. सर ओठांत मोजत होते. मीही मोजायला लागले, आणि निम्म्या वाटेत मला कळलं की किती भरणार आहेत. जुन्या जागेपासून चिंचेपर्यंत एक्केचाळीस पावलं होती. इतकी वर्षं सर कॉलेजच्या मागे हीच वाट चालत होते.

तिसाव्या पावलाला फिल्मचा कोपरा पांढरा पडायला लागला.

मी बघितलं, सरांनीही बघितलं. सरांनी दुमडलेले हात सोडवले, काकूंच्या हाताखाली घातले आणि म्हणाले, "मान धर."

"धरलीय," काकू म्हणाल्या. "तुमी बुडाला धरा. हळू. पाय बघून टाका."

"बघायलोय."

"दगूड हाय पुढं."

"बघितला."

असे दोघं, एकमेकांच्या हातांत हात अडकवून, उरलेली अकरा पावलं बोलत बोलत गेले. पांढरा डाग तेवढाच राहिला. वाढला नाही.

माती थापटून झाल्यावर सरांनी ती निळी पिशवी मोटारीच्या पाण्याखाली धुतली. तिच्यावर एक ओरखडा नव्हता. उन्हात धरली तर आरपार स्वच्छ दिसत होती. सरांनी तिची घडी घातली आणि खिशात ठेवली. "ही उरणार," म्हणाले. "ही मी गेल्यावर बी उरणार."

चिंचेखालची जागा पुन्हा उकरायची नाही असं दोघांनी ठरवलं होतं. मीही विचारलं नाही.

पुढं मला बाहेर प्रवेश मिळाला आणि परळी सुटली. सरांना शेवटचं पाहिलं ते संक्रांतीच्या आधी, सुट्टीला येताना. बस सिरसाळ्याच्या रस्त्यावर ऊस घेऊन चाललेल्या ट्रॉलीमागे अडकली होती. खिडकीतून सरांचं शेत दिसत होतं. दुपारचं ऊन, ज्वारी कमरेएवढी. फक्त चिंचेजवळ एका तुकड्यात, लांबीला हातभर, रुंदीला त्याहून कमी, ती माणसाच्या डोक्यावर गेलेली होती.

सर बांधावरून येत होते. कोपर दुमडलेले, डावा तळवा उजव्या कोपराखाली, पाऊल तेच सावकाश. काकू पाठीमागून काहीतरी मोठ्यानं बोलत होत्या आणि सर न वळता उत्तर देत होते. त्या उंच ज्वारीपाशी ते थांबले. थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांचे हात सुटले आणि खाली आले. दोन्ही बाजूंना, नुसते लोंबत. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं. एखादा अनोळखी माणूस उभा असावा तसे दिसत होते.

मी हाक मारणार होते, हात हलवणार होते. तेवढ्यात ट्रॉली बाजूला झाली, बस हलली. तेव्हा मला कळलं की हात हलवायला माझा हात मोकळा नाही. माझे दोन्ही कोपर अंगाशी दुमडलेले होते, आणि डावा तळवा उजव्या कोपराखाली होता.